आईच्या हातचा अ‍ॅम्प

कार्यक्रम संपला होता. लोक खुर्च्या सरकवत बाहेर पडत होते आणि मी केबल गुंडाळत होते, तेवढ्यात कानसेन स्टेजवर चढले. सरळ माझ्या अ‍ॅम्पसमोर उकिडवे बसले आणि त्याच्या जाळीवर तळहात ठेवला, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

कानसेन हे त्यांचं टोपणनाव. साठीचा माणूस, शहरातल्या सगळ्यात जुन्या रेकॉर्डिंग स्टुडिओचा मालक. स्वतः कुठलंही वाद्य धड वाजवत नाहीत, पण कान असा की पलीकडच्या खोलीत एखादी तार केसभर उतरली तरी अलीकडे यांची भुवई वर जाते. त्यांनी कुणाच्या वाजवण्यावर मान डोलावली, तर तो माणूस पुढे वर्षभर ते सांगत फिरतो.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझाच."

"ते दिसतंय. बनवलाय कुणी?"

मी केबल खाली ठेवली. उत्तर अगदी सोपं होतं. बनवलाय माझ्या आईने. पण ते उत्तर द्यायचं मी बारा-तेरा वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण वाजवणाऱ्याला विचाराल तर ते अर्धं वाद्य असतं. माझा अ‍ॅम्प दिसायला पेटाऱ्यासारखा. कारखान्यातल्या यंत्रांना देतात तो राखाडी रंग, चारी कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, समोर तीन बटणं, आणि कुठेही कंपनीचं नाव नाही. मी बावीस वर्षांची असताना एका आयोजकाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "हे कुठलं मॉडेल?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आईने केलाय." तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे डब्यासोबत भरून दिला का?" सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी विषय बदलते.

त्या संध्याकाळीही तेच केलं. "जुना आहे," मी म्हणाले. "एका ओळखीच्या कारागिराने केलेला."

कानसेननी मान हलवली. मग उठून उभे राहिले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "माझ्या स्टुडिओतला परदेशी अ‍ॅम्प तू पाहिलायस. तो घे, हा मला दे. साधी अदलाबदल, वर देणंघेणं काही नाही. आठवडाभर घरी नेऊन वाजव, मग सांग."

त्या अ‍ॅम्पबद्दल आमच्यात दंतकथा होत्या. चाळीस वर्षांचा, नावाजलेल्या कंपनीचा, आणि अजून नवऱ्या मुलासारखा तुळतुळीत. कित्येकांनी तो मागितला होता आणि कानसेननी प्रत्येकाला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

बाहेर गाडीत सामान भरताना मी हे सांगितलं तेव्हा आमचा ड्रमर हातातला झांजांचा डबा तसाच धरून उभा राहिला. "यात विचार काय करायचा? डोळे झाकून घे. पुढच्या महिन्यात आठ गावांचा दौरा आहे. तुझा तो पेटारा जिन्याने चढवायला दोन माणसं लागतात, आणि हवा दमट असली की गाण्याआधी तोच घरघरायला लागतो."

बास गिटार वाजवणारा आमचा बासवाला गाडीच्या टपावर दोरी बांधत होता. तो स्वभावानेच कमी बोलणारा. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात," एवढंच तो म्हणाला.

"हे पळतं कुठेय?" ड्रमर म्हणाला. "हे तर चाकांवर आहे."

मंगळवारी दुपारी मी तो परदेशी अ‍ॅम्प घरी आणला. खरंच त्याला चाकं होती. दारातून एका हाताने ओढत आत आले तेव्हा आई पेपर वाचत बसली होती. तिने चष्मा कपाळावर चढवला. "पाहुणा कोण?"

मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. कानसेननी काय विचारलं ते सांगितलं, मी काय उत्तर दिलं ते गाळलं.

आई सव्वीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात होती. तांब्याची तार साच्यावर गुंडाळायची, थर झाला की इन्सुलेशनचा कागद, त्यावर पुन्हा थर. पुढे तिथे यंत्रं आली, पण जे काम यंत्राला जमायचं नाही ते आईच्या टेबलावर यायचं. केसाइतक्या बारीक तारेचे हजार-हजार वेढे ती बोटांनी घालायची आणि मधे कुणी बोलायला आलं तर आकडा न चुकता उत्तरही द्यायची.

मी एकोणीस वर्षांची असताना माझ्याकडे गिटार होती आणि अ‍ॅम्प नव्हता. तेव्हा आईने कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून एक आकृती काढून घेतली, जुन्या रेडिओंमधले व्हॉल्व्ह, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्या, मिळवले आणि सुपरवायझरची रीतसर परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत स्वतःच ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला बसली. पहिला नुसताच गुणगुणला. दुसऱ्यातून धूर निघाला. तिसरा जमला. खोकं कारखान्याच्या सुताराने पॅकिंगच्या फळ्यांतून करून दिलं. मी पहिला सूर छेडला आणि तो स्वयंपाकघरातल्या भांड्यांत घुमला, तेव्हा आई ओले हात पुसत दारात उभी होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं. ती म्हणाली, "जरा जास्त तापतोय. बघायला पाहिजे."

आणि आता ती त्या परदेशी अ‍ॅम्पच्या मागे बॅटरी घेऊन बसली होती. मागची बाजू अर्धी उघडीच होती. बराच वेळ तिने आत प्रकाश पाडला.

"हात चांगला आहे," ती म्हणाली. "वायरी बघ कशा वळवल्यात. कुठे घाई नाही. ज्याने कुणी केलंय, मन लावून केलंय." मग बॅटरी बंद करून म्हणाली, "घे. बदलून टाक."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने नको म्हणावं अशी माझी इच्छा होती, हे मला तेव्हा कळलं.

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

"मला काय वाटायचंय? चांगली वस्तू आहे." ती उठली, पेपरची घडी घातली. "पण एवढं सोडून त्याला माझा कशाला हवाय? कुणी केलाय विचारलं असेल ना त्याने. काय म्हणाला, ऐकून?"

खोटं बोलायला एक क्षण पुरतो, पण तो क्षण निघून गेला.

"सांगितलं नाहीस होय," आई म्हणाली.

"आई, तसं नाही..."

"बरं." ती स्वयंपाकघरात गेली. गॅस बारीक केला, झाकण काढलं, झाकण ठेवलं. मग तिथूनच, आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाली, "सव्वीस वर्षांत माझ्या हातून किती ट्रान्सफॉर्मर गेले. एकावरही माझं नाव नव्हतं, नंबर असायचा. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, नोकरी होती ती. पण हा नोकरीतला नव्हता. विचारल्यावर तरी सांगायला हवं होतंस."

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि त्या आयोजकाची, डब्याची गोष्ट तिला सांगितली. इतकी वर्षं सांगितली नव्हती. ऐकून तिने कपाळाला आठी घातली.

"डबा वाईट असायचा का माझा?"

"नाही."

"मग लाज कसली वाटली तुला?"

उत्तराची वाट न बघता तिने मला ताटं घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी परदेशी अ‍ॅम्प नेला. आवाज असा की ऐकत राहावं. स्वच्छ, गोल, प्रत्येक सूर जागच्या जागी. ड्रमर खूश झाला. आम्ही चार गाणी वाजवली आणि चौथ्यात बासवाला एके ठिकाणी चुकला. तो कधीच चुकत नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

तो पट्टा सरळ करत म्हणाला, "तुझा पेटारा जोरात छेडला की आधी जरा दबतो, मग फुलतो. त्यावरून मला कळतं तू कुठे थांबणार ते. आज तुझ्याकडे बघावं लागलं." मग जरा विचार करून म्हणाला, "वाईट नाही. सवय होईल."

मी त्यावर विचार करत घरी आले. पंधरा वर्षं मी त्या दबण्या-फुलण्यावरच माझं वाजवणं बेतलं होतं. आईच्या तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरने मला गिटार शिकवली होती, असं म्हटलं तरी चालेल. आणि तेच मी कुणाला सांगत नव्हते.

शनिवारी सकाळी मी आईला म्हणाले, "स्टुडिओत दोन्ही अ‍ॅम्प घेऊन जातेय. चल माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"चल तर."

तिने ठेवणीतले कपडे काढले, पर्समध्ये चष्म्याची दोन्ही घरं टाकली आणि ड्रमरच्या गाडीत पुढे बसली.

स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. भिंतींना जाड कापड, जमिनीवर गालिचा, आणि मधे मोठ्या काचेपलीकडे बटणांनी भरलेलं टेबल. कानसेननी आईला आदराने कोपऱ्यातली खुर्ची दिली, "बसा, इथे गार वाटेल," म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. मुलीला सोबत म्हणून आई आली असेल, असा त्यांचा समज झाला होता. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"उघडून बघू का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या अ‍ॅम्पची मागची फळी काढली, डोळ्यांना भिंग लावलं आणि आत डोकं घातलं. ड्रमर आणि मी बघत उभे. आई मांडीवर पर्स घेऊन बसली होती.

"हे बघ," कानसेन आतूनच बोलले, "हा ट्रान्सफॉर्मर. विकतचा नाही हा. हाताने गुंडाळलाय. शेवटची गाठ बघ, कापडी पट्टीची. कडा कशी एका रेषेत आलीय. असं काम मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं असेल." ते बाहेर आले. "कोण हा कारागीर? आहे का अजून तो?"

मी आईच्या खुर्चीकडे वळले.

"तो नाही, ती," मी म्हणाले. "माझी आई. तुम्ही आत्ता तिला खुर्ची दिलीत."

कानसेननी भिंग काढलं. आईकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. उजव्या हाताच्या तर्जनीवर तारेने पाडलेली खोबण होती. नोकरी सुटून तीन वर्षं झाली तरी ती बुजलेली नाही. आपली स्वतःची, टेबलामागची गादीची खुर्ची कानसेननी ढकलत आणली, आईपुढे ठेवली आणि म्हणाले, "इथे बसा. ती खुर्ची डुगडुगते."

मग पुढचा तासभर ड्रमर आणि मी तिथे असून नसल्यासारखे होतो.

"बारीक तारेचे आणि जाड तारेचे थर एकाआड एक घेतलेत का तुम्ही?" कानसेननी विचारलं.

"आठ थर. सुपरवायझर म्हणाला होता, एवढं कशाला, चार पुरेत. मी म्हटलं, माझी सुट्टी आहे, मी बघते."

"आणि वेढे किती एकूण?"

"ते नाही सांगणार," आई म्हणाली.

कानसेन इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. ड्रमरने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. माझ्या वाजवण्यावर त्यांनी मान डोलावली असती, तरी इतकं चढलं नसतं.

मग त्यांनी मला आत वाजवायला बसवलं आणि आईला काचेपलीकडे, मोठ्या स्पीकरांसमोर. पंधरा वर्षांत तिने तो अ‍ॅम्प घरात, भिंतीआडून ऐकला होता, नाहीतर हॉलच्या शेवटच्या रांगेतून. असा समोर बसून कधीच नाही. मी हळू सुरुवात केली, मग जोर दिला. तो दबला, फुलला, सूर लांबला आणि निवत निवत गेला. काचेतून मला आई दिसत होती. तिने डोळे मिटले नव्हते. यंत्राचा आवाज तपासताना ती मान किंचित डावीकडे कलती करायची, तशी करून ऐकत होती.

मी बाहेर आले तेव्हा कानसेन म्हणत होते, "मी माझं मागणं परत घेतो. असली वस्तू घरातून मागू नये."

"का?" आईने विचारलं. "काही दोष दिसला?"

"अहो, तसं नाही. मुलीसाठी केलेली वस्तू आहे."

"केली होती. तिने वाजवली की पंधरा वर्षं." आई माझ्याकडे वळली. "तुझ्याकडे हा एकटी तूच वाजवतेस. इथे निरनिराळे लोक येऊन वाजवतील. माझं काम अशा खोलीत राहिलं तर मला आवडेल. सरळ सांगतेय."

"पण मला तो हवाय," मी म्हणाले. लहान मुलीसारखा आवाज निघाला माझा. "त्याच्यावर शिकलेय मी. आणि तू माझ्यासाठी केलास."

"म्हणून तर मला त्यातली घरघर ऐकवत नाही. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या वायरी मी ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळून नेल्या. तेव्हा कळत नव्हतं, दोन वर्षांनी कळलं. तेव्हापासून मला दुसरा करायचाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मागितलाच नाहीस. मला वाटलं, पिकतं तिथं विकत नाही."

आईला पुन्हा त्या कामाला लावायचं नाही, तिने फार कष्ट केलेत, असं मनाशी ठरवून मी कधीच काही मागितलं नव्हतं. तो माझा समजूतदारपणा होता. आणि ती मात्र वाट बघत बसली होती.

"ती घरघर मला आवडते बरं का," कानसेन मधेच म्हणाले.

"तुम्हाला आवडते ना? मग ती तुमच्याकडेच बरी," आई म्हणाली, आणि टेबलावरचा कागद ओढून त्यावर काहीतरी आखायला लागली. "इथून नेल्या तर," ती स्वतःशीच पुटपुटली. "आणि नऊ थर."

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. निर्णय माझा होता. कानसेन थांबले होते, ड्रमर घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. अ‍ॅम्प द्यायला माझं मन तयार नव्हतं, हे मी लपवणार नाही. पण तो मी जवळ ठेवला असता तर माझ्यासाठी ठेवला असता, तिच्यासाठी नाही. आणि कागदावर वाकलेली ती बाई इतकी तरतरीत मी नोकरी सुटल्यापासून पाहिली नव्हती.

"बदलू या," मी म्हणाले. "पण त्याच्यावर तिचं नाव पाहिजे."

"पाहिजेच," कानसेन म्हणाले. त्यांच्याकडे माइकच्या दांड्यांवर नंबर कोरायची विजेची लेखणी होती, ती त्यांनी आणली. "काय नाव घालायचं? पूर्ण?"

आईने क्षणभर विचार केला. "नुसतं माझं. पुढे-मागे काही नको." आणि लेखणी त्यांच्या हातातून घेऊन म्हणाली, "मीच घालते. तुमची अक्षरं कशी असतील कोण जाणे."

अ‍ॅम्पच्या मागच्या पत्र्यावर, उजव्या कोपऱ्यात, तिने आपलं नाव कोरलं. अक्षरं शाळेतल्या पाटीवर असावीत तशी ठसठशीत आली. खाली तिने वर्षही घातलं, अ‍ॅम्प केला ते. मग कडा बोटाने तपासली, कानस मागितली, बोचणारा एक काना घासून साफ केला.

दौरा छान झाला. परदेशी अ‍ॅम्पने कुठेही दगा दिला नाही आणि चौथ्या गावापर्यंत बासवाल्याला त्याची सवयही झाली. मलाही थोडी झाली, पण सूर धरून ठेवायला गेले की अजूनही माझी बोटं त्या दबण्याची वाट बघायची आणि ते यायचं नाही. सहाव्या गावात एक आयोजक त्याच्याभोवती फिरून म्हणाला, "मॅडम, अ‍ॅम्प जबरदस्त आहे तुमचा." त्याने काही विचारलं नव्हतं, तरी मी त्याला सांगितलं, "हा चांगला आहे. पण माझी आई बनवते ते वेगळे. एक स्टुडिओत आहे, दुसऱ्याचं काम चाललंय."

तो हसला. मी त्याला पूर्ण हसू दिलं आणि मग स्टुडिओचा पत्ता लिहून दिला.

परत आले तेव्हा घरातलं जेवणाचं टेबल भिंतीला लागलं होतं आणि त्यावर हाताने फिरवायचा वाइंडिंगचा साचा बसवलेला होता. कारखान्याच्या त्याच, आता निवृत्त झालेल्या सुताराने तो आईला बसवून दिला होता. आम्ही दोघी दोन महिने ताटं मांडीवर घेऊन जेवलो. आईची नजर आता पूर्वीसारखी नाही, पण ती म्हणते वेढे कुणी डोळ्यांनी मोजत नाही. पहिला ट्रान्सफॉर्मर तिने स्वतःच नापास केला. मला तर तो उत्तम वाटत होता.

एका दुपारी ती दुसरा गुंडाळत असताना फोन वाजला. तिचे हात गुंतलेले, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता, कुणीतरी तरुण गिटारवादक. स्टुडिओत त्याने राखाडी अ‍ॅम्प वाजवला होता, मागे नाव वाचलं होतं, कानसेनकडून नंबर घेतला होता.

"ते अ‍ॅम्प बनवणारे साहेब आहेत का?" त्याने विचारलं. नाव वाचूनसुद्धा.

"मीच बोलतेय," आई म्हणाली. साचा फिरतच होता. "सातशे बारा, सातशे तेरा. बोला, ऐकू येतंय मला."

त्याला तसाच एक हवा होता. किती दिवसांत मिळेल, असं तो विचारत होता.

"आधी माझ्या मुलीचा आहे," आई म्हणाली. "तिने पंधरा वर्षांनी मागितलाय. तो झाला की बघू. तुमचा नंबर हिच्याकडे देऊन ठेवा."

मी नंबर लिहून घेतला.